नवी प्रोग्रामिंग भाषा आली की लगेच उडी घ्यावी का?

दर काही महिन्यांनी कुठल्यातरी मंचावरून नव्या प्रोग्रामिंग भाषेची घोषणा होते. पडद्यावर जुन्या भाषेतला चाळीस ओळींचा कोड, शेजारी नव्या भाषेतला दहा ओळींचा, आणि खाली वेगाचा आलेख. हल्ली भाषा एकटी येत नाही. तिच्याबरोबर अख्खा प्लॅटफॉर्म येतो: त्यांचाच एडिटर, त्यांचाच डेटाबेस, एक बटण दाबलं की त्यांच्याच सर्व्हरवर चढणारं ॲप. मग फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं विचारू लागतात, "सर, हे शिकायला घेऊ का?" आणि पणजीत पाट्टोवरच्या एखाद्या चार माणसांच्या कंपनीत कुणीतरी आग्रह धरतं की पुढचं काम यातच करूया.

मी गोव्यातल्या हॉटेलांसाठी, औषधांच्या दुकानांसाठी आणि क्रेडिट सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. नवी भाषा शिकायला घेताना फार विचार करू नका, पण दुसऱ्याचा धंदा तिच्यावर चढवायच्या आधी पुष्कळ विचार करा. शिकण्यात तुमचा वेळ जातो. वापरण्यात गिऱ्हाइकाची पुढची दहा वर्षं अडकतात. हे दोन प्रश्न एकत्र गुंडाळले की वाद नुसता तापतो आणि हाती काही लागत नाही.

भाषा वेगळी, प्लॅटफॉर्म वेगळा

भाषा म्हणजे लिहिण्याचे नियम, आणि त्या नियमांनी लिहिलेलं यंत्राला कळेल अशा रूपात आणणारा कंपायलर. तेवढ्यावर काम भागत नाही. फाईल उघडणं, तारखा मोजणं, डेटाबेसशी बोलणं, बिलावर क्यूआर कोड छापणं ही कामं आधी कुणीतरी लिहून ठेवलेल्या लायब्ररी करतात. आणि तयार झालेला प्रोग्रॅम जिथं राहतो, ज्याच्या सोयी वापरतो आणि ज्याचं भाडं दरमहा भरावं लागतं, तो प्लॅटफॉर्म.

भाषा खुल्या परवान्याखाली असेल, म्हणजे तिचा कोड कुणालाही घेता-बदलता येत असेल, तर ती बनवणाऱ्या कंपनीने अंग काढून घेतलं तरी कंपायलर तुमच्याकडे राहतो आणि दुसरं कुणी तो पुढं नेऊ शकतं. रस्टचं असंच झालं. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या आश्रयाने वाढलेल्या या भाषेची पहिली पक्की आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने मोठी नोकरकपात केली तेव्हा आता रस्टचं काय, अशी धास्ती पसरली होती. पण तोवर इतर मोठ्या कंपन्यांचाही तिच्यात जीव अडकला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये रस्ट फाउंडेशन उभं राहिलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१ च्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, रस्टला जागा मिळाली.

प्लॅटफॉर्मला अशी सोय क्वचितच असते. पार्स नावाची एक सेवा होती. मोबाइल ॲप लिहिणाऱ्याला डेटाबेस, लॉगिन, नोटिफिकेशन सगळं तयार मिळायचं, त्यामुळे एकट्या माणसालाही पंधरवड्यात ॲप उभं करता यायचं. फेसबुकने २०१३ मध्ये ती विकत घेतली, जानेवारी २०१६ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २०१७ अखेर ती बंद झाली. ॲपवाल्यांच्या हाती एक वर्ष होतं. त्यातही पार्सने सर्व्हरचा कोड खुला करून दिला, म्हणून बऱ्याच जणांना तो आपापल्या सर्व्हरवर बसवता आला. प्रत्येक सेवा जाताना एवढं करेलच असं नाही.

गोव्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. मुंडकाराने घर स्वतः बांधलेलं असतं, संसार त्याचा असतो, पण खालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आहे म्हणून भाटकार त्याला मनात येईल तेव्हा उठवू शकत नाही. दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर बांधलेल्या ॲपच्या मागे असा कुठलाच कायदा उभा नाही. करारात जेवढ्या दिवसांची नोटीस लिहिली असेल, तेवढंच संरक्षण.

म्हणून घोषणा वाचताना मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो: ही भाषा त्या प्लॅटफॉर्मबाहेर चालते का? माझ्या लॅपटॉपवर, इंटरनेट बंद असताना, एका साध्या लिनक्स मशीनवर कंपायल होते का? जूनमध्ये झाड पडून दिवसभर नेट नसणं आमच्या गावांत नवीन नाही, त्यामुळे हा प्रश्न निव्वळ तात्त्विकही नाही. बाहेर चालत नसेल तर तिला भाषा म्हणून मोजू नका. ती त्या सेवेचा एक भाग आहे, आणि सेवा जाईल तेव्हा तीही जाईल.

आवृत्तीचा आकडा आणि लेखी शब्द

नव्या भाषेच्या आवृत्तीचा आकडा ०.३ किंवा ०.९ असा असतो, तेव्हा बनवणारे सांगत असतात की आम्ही अजून नियम बदलणार आहोत. आज लिहिलेलं सहा महिन्यांनी कंपायल होईलच याची हमी नाही. १.० आली म्हणजे सगळं स्थिर झालं, असं लोक धरून चालतात. तेही नेहमी खरं नसतं.

ॲपलने जून २०१४ मध्ये स्विफ्ट जाहीर केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिची १.० आवृत्ती आली. २०१६ मध्ये स्विफ्ट ३ ने इतक्या गोष्टींची नावं आणि पद्धती बदलल्या की चालू प्रकल्प दुरुस्त करण्यात लोकांचे आठवडे गेले. वेगवेगळ्या आवृत्त्यांनी तयार केलेले तुकडे एकमेकांशी नीट जुळतील अशी स्थिरता आली ती मार्च २०१९ मध्ये, स्विफ्ट ५ बरोबर. म्हणजे घोषणेपासून जवळजवळ पाच वर्षं. तरीही आयफोनसाठी लिहिणारे स्विफ्टबरोबर राहिले, कारण ज्याच्या फोनवर त्यांचं पोट होतं त्यानेच ती आणली होती.

गो भाषेची वाट वेगळी होती. गूगलने ती नोव्हेंबर २००९ मध्ये सगळ्यांसमोर आणली, पण दोन वर्षांहून अधिक काळ ती कच्ची आहे असंच सांगितलं. मार्च २०१२ मध्ये गो १ आली तेव्हा तिच्याबरोबर एक लेखी वचन होतं: गो १ च्या नियमांनी लिहिलेले प्रोग्रॅम पुढच्या गो १ मालिकेतही कंपायल होत राहतील. ते वचन आजवर पाळलं गेलं आहे. छोट्या कंपनीला याची किंमत फार मोठी वाटते. आमच्याकडे कुणाला दरवर्षी जुना कोड पुन्हा लिहायला वेळ आहे? त्यामुळे नव्या भाषेच्या सुंदर रचनेपेक्षा मी आधी तिच्या कागदपत्रांत असं वचन शोधतो.

जुन्या, नावाजलेल्या भाषाही या बाबतीत निर्दोष नाहीत. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आली आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. मधली अकरा वर्षं जग दोन पायथनांत विभागलेलं होतं.

मग नव्या भाषा रुजतात कशा? गेल्या दहा-पंधरा वर्षांत सगळ्यात शांतपणे रुजलेल्या दोन भाषा म्हणजे टाइपस्क्रिप्ट आणि कॉटलिन. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आणली तेव्हा जावास्क्रिप्ट टाकून द्या असं सांगितलं नाही. असलेली फाईल तशीच ठेवा आणि जिथं हवं तिथं माहितीचा प्रकार (आकडा, मजकूर वगैरे) लिहा, एवढंच. जेटब्रेन्सच्या कॉटलिनची १.० फेब्रुवारी २०१६ मध्ये आली. ती जावाच्या कोडला थेट हाक मारू शकते आणि जावा तिला. मे २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिली, तेव्हा अँड्रॉइड लिहिणाऱ्यांनी एका वेळी एक फाईल बदलत नेली. कुणालाही दुकान बंद ठेवून नूतनीकरण करावं लागलं नाही.

याच्या उलट गूगलचीच डार्ट. २०११ मध्ये ती ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टची जागा घ्यायला आली होती. मार्च २०१५ मध्ये गूगलने क्रोममध्ये डार्टचं स्वतंत्र यंत्र बसवायचा बेत सोडला. पुढं फ्लटर या गूगलच्या ॲप बनवायच्या साधनामुळे, म्हणजे डिसेंबर २०१८ मध्ये फ्लटर १.० आल्यावर, डार्टला वेगळ्याच कामासाठी दुसरा जन्म मिळाला आणि आज गोव्यातही फ्लटरची ॲप बनतात. पण २०१२ मध्ये वेबसाठी डार्ट निवडणाऱ्याला त्याचा काही उपयोग झाला नाही. मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट, म्हणजे ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि ॲप चालवण्याची सोय, तर बंदच झालं: २००७ मध्ये आलं, सप्टेंबर २०१५ पासून क्रोममध्ये चालेनासं झालं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये अधिकृत आधार संपला. कंपनी मोठी आहे म्हणून तिची भाषा टिकेल हा हिशेब या दोन उदाहरणांतच मोडतो. कंपनीला स्वतःला ती भाषा रोज लागते का, हे जास्त महत्त्वाचं.

वेगाच्या आकड्यांकडे कसं बघायचं

मे २०२३ मध्ये मॉड्युलर या कंपनीने मोजो ही भाषा जाहीर केली. तिच्यामागे ख्रिस लॅटनर आहेत, ज्यांनी आधी एलएलव्हीएम (कंपायलर बनवायचं साधन) आणि स्विफ्टची सुरुवात केली, त्यामुळे माणूस जाणकार आहे यात शंका नाही. घोषणेत आकडा होता: पायथनपेक्षा ३५,००० पट वेगवान. आकडा खोटा नव्हता. मँडेलब्रॉट ही गणिती आकृती काढण्याचं काम होतं, आणि एका बाजूला साधा, लूपमधून लूप असा पायथन, दुसऱ्या बाजूला प्रोसेसरचे सगळे गाभे आणि एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना वापरणारा मोजो. पण असं गणित खरोखर करायचं असतं तेव्हा पायथनवालाही साधा लूप लिहीत नाही. तो नमपाय ही गणिताची लायब्ररी वापरतो, आणि नमपायच्या पोटात सी भाषेत लिहिलेला कोड असतो. तुलना तिथून सुरू केली तर दरी बरीच अरुंद होते. एआयच्या चिपांसाठी खोलवर कोड लिहिणाऱ्यांना मोजोचा उपयोग असू शकतो. कळंगुटच्या हॉटेलचं बुकिंग हे त्या जातीचं काम नाही.

ते का नाही, हे आकड्यांनीच बघू. समजा काउंटरवर बुकिंगचं पान उघडायला २०० मिलिसेकंद लागतात. त्यातले १२० डेटाबेसच्या उत्तराची वाट बघण्यात जातात, ६० नेटवर्कवर, आणि भाषेचं स्वतःचं काम उरलेल्या २० मध्ये होतं. आता शंभरपट वेगवान भाषा घेतली. त्या २० चे ०.२ झाले. पान २०० ऐवजी साधारण १८० मिलिसेकंदांत उघडेल. काउंटरवरच्या माणसाला फरक कळणारही नाही. त्याच डेटाबेसमध्ये तारखेच्या कॉलमवर योग्य इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टाकला तर १२० चे १० होऊ शकतात, आणि त्यासाठी भाषा बदलावी लागत नाही. कुणी वेगाचं कारण सांगून भाषा बदलायला निघालं असेल तर त्याला आधी हे मोजायला लावा.

भाषेचाच अडसर असलेली कामंही असतात. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने २०२० मध्ये आपली एक सेवा गो मधून रस्टमध्ये नेली, कारण गो भाषा दर दोन मिनिटांनी मेमरीची साफसफाई करायची आणि त्या क्षणी उत्तरं अडखळायची. त्यांनी आधी मोजलं, मग कारण शोधलं, मग फक्त ती एक सेवा बदलली.

'गोवा' या शब्दाची लांबी किती?

नवी भाषा हाती आली की मी तिच्यात पहिल्यांदा एक मराठी शब्द टाकून बघतो. हा प्रयोग तुम्हीही दहा मिनिटांत करू शकता, आणि भाषा बनवणाऱ्यांनी कुणाचा विचार केला आहे हे त्यातून लगेच कळतं.

'गोवा' हा शब्द घ्या. आपण मोजू तर अक्षरं दोन: गो आणि वा. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात सगळ्या लिप्या लिहिण्याच्या मानकात, ते चार घटक आहेत: ग, ओकाराची मात्रा, व, काना. आणि यूटीएफ-८ या पद्धतीने साठवताना प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण १२. आता भाषांना लांबी विचारा. गो भाषेतलं लेन १२ सांगतं, रस्टही १२. पायथन ४ सांगते, जावास्क्रिप्टही ४. स्विफ्टचा काउंट २ सांगतो. कुठलंच उत्तर चूक नाही. प्रत्येक भाषा वेगळी वस्तू मोजते आहे. पण पावतीवर नावाला वीस अक्षरांची जागा असेल आणि तुम्ही बाइट मोजून नाव कापलंत, तर ते अक्षराच्या मधोमध तुटून शेवटी चौकोन छापला जाईल. घटक मोजून कापलंत तर 'गो' चा 'ग' उरेल. 'म्हापसा' घेतलात तर जोडाक्षरामुळे गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते: युनिकोडच्या जुन्या नियमांनी 'म्' आणि 'हा' वेगळे मोजले जायचे, नव्या नियमांनी 'म्हा' एक.

नव्या भाषेला यातलं काय येतं ते बघा. अक्षरांप्रमाणे तोडायची सोय मूळ लायब्ररीत आहे, बाहेरून आणता येते, की नाहीच? मराठी वर्णक्रमाने नावांची यादी लावता येते का? १२३४५६७ ही रक्कम १२,३४,५६७ अशी लाखांत छापता येते, की फक्त दर तीन आकड्यांनी स्वल्पविराम? पैशांसाठी दशांश प्रकार आहे का, की ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ दाखवणारा साधा अपूर्णांकच वापरावा लागेल?

त्यापुढं आपल्या कामाच्या गोष्टी येतात. सोसायटीत पासबुक प्रिंटर असतो आणि त्याला कुठल्या ओळीवर छापायचं हे खास संकेतांनी सांगावं लागतं. औषधाच्या दुकानात थर्मल प्रिंटर. पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायाला ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, त्यासाठी सरकारी पोर्टलशी एन्क्रिप्शन करून बोलावं लागतं. हॉटेलात विदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, तेव्हा पासपोर्ट वाचणारं यंत्र जोडायचं असतं. यूपीआयचं पेमेंट घ्यायचं तर गेटवेची (पेमेंट पुढं पोचवणाऱ्या सेवेची) तयार लायब्ररी पायथन, जावा, पीएचपी, नोडसाठी मिळते. काल आलेल्या भाषेसाठी ती तुम्हालाच लिहावी लागेल, आणि गेटवेने काही बदललं की दुरुस्तही तुम्हालाच करावी लागेल. घोषणेतल्या दहा ओळींच्या कोडात हे काहीच दिसत नाही. भाषेने वाचवलेले आठवडे इथं परत खर्च होतात, बरेचदा दुपटीने.

एक नवी अडचण हल्लीच आली आहे. कोड लिहायला मदत करणारे एआय सहाय्यक आता सगळेच वापरतात. जावास्क्रिप्ट आणि पायथनचा कोड जगात अफाट असल्यामुळे त्यांत हे सहाय्यक तरबेज असतात. नव्या भाषेचा मजकूरच थोडा, त्यामुळे ते अस्तित्वात नसलेली फंक्शनं ठामपणे लिहून देतात, किंवा दोन आवृत्त्यांपूर्वीचे नियम वापरतात. एकट्याने काम करणाऱ्याला हा तोटा चांगलाच जाणवतो.

उद्या हे कोण बघणार?

फोंडा तालुक्यातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींपुढं मी नव्या सॉफ्टवेअरचा प्रस्ताव ठेवला होता. कुठली भाषा, कुठला डेटाबेस, सगळं मोठ्या उत्साहात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाब, त्यातलं मला काही कळत नाही. उद्या तुम्ही नसलात तर हे कोण बघणार, तेवढं सांगा." त्यानंतर प्रत्येक तांत्रिक निर्णय मी याच प्रश्नावर घासून बघतो.

तिथं तेव्हा फॉक्सप्रो, म्हणजे मायक्रोसॉफ्टची जुनी डेटाबेसची भाषा, चालू होतं. आपल्याकडे सोसायट्या, दुकानं, डॉक्टरांचे दवाखाने यांची पहिली सॉफ्टवेअरं फॉक्सप्रो आणि व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिली गेली, आणि त्या काळात ती निवड योग्यच होती. मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्ये सांगितलं की व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही. ९ वर ती थांबली आणि जानेवारी २०१५ मध्ये आधार संपला. सोसायटीचं काम मात्र थांबलं नाही. पिग्मीची वसुली रोज चढत होती, व्याज लागत होतं. अडचण माणसांची होती. ज्याने ते लिहिलं तो गोवा सोडून गेला होता आणि नव्या मुलांपैकी कुणाला फॉक्सप्रो येत नव्हतं.

तरी त्या सोसायटीचा डेटा सुखरूप बाहेर आला, आणि तो का आला हे नीट समजून घ्यायला हवं. फॉक्सप्रो आपली माहिती डीबीएफ नावाच्या फाईलमध्ये ठेवते, आणि त्या फाईलची रचना जगजाहीर आहे. ती आजही लिब्रेऑफिसमध्ये उघडते, पायथनमधून वाचता येते. सभासदांची मराठी नावं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, ती युनिकोडमध्ये आणताना घाम निघाला, पण खाती, ठेवी, कर्जं पै-पैशासकट निघाली. भाषा मेली, कंपनीने हात वर केले, तरी डेटा गिऱ्हाइकाचाच राहिला. नव्या प्लॅटफॉर्मवर माहिती त्यांच्याच सर्व्हरवर, त्यांच्याच गुप्त रचनेत असेल, तर पंधरा वर्षांनी असा कुणी ती काढू शकेल का?

गोव्यात या प्रश्नाला जास्त धार आहे. इथली बाजारपेठ लहान. चांगला प्रोग्रामर तयार झाला की पुणे किंवा बेंगळुरू त्याला बोलावतं, आणि त्याने का जाऊ नये? मागं राहतात दोन-चार माणसांच्या कंपन्या आणि त्यांच्यावर विसंबलेले शेकडो छोटे व्यावसायिक. मडगावात किंवा म्हापशात जाहिरात दिली तर पीएचपी, जावा, पायथन, डॉटनेट येणारा माणूस मिळतो. कालच आलेली भाषा येणारा मिळाला तर तो बहुधा तुमच्याच कंपनीतून गेलेला असेल. बेंगळुरूच्या मोठ्या कंपनीत नवी भाषा फसली तर एक विभाग ती पुन्हा लिहून काढतो. आमच्याकडे ती फसली तर कुणाचं तरी दुकान चतुर्थीच्या गर्दीत हातपावत्यांवर येतं.

मग नव्याला नकारच द्यायचा का?

मुळीच नाही. काही भाषा खरंच मोठा प्रश्न सोडवतात, आणि तेव्हा थांबण्यात नुकसान असतं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी साधारण ७० टक्के मेमरी चुकीच्या पद्धतीने हाताळल्यामुळे असतात. सी आणि सी++ मध्ये ही चूक करणं फार सोपं. रस्टचा कंपायलर मेमरीच्या प्रत्येक तुकड्याचा मालक कोण आणि तो कधीपर्यंत, हे आधीच तपासतो, त्यामुळे या जातीच्या बहुतेक चुका कंपायलच होत नाहीत. गूगलने अँड्रॉइडमध्ये रस्ट आणि इतर सुरक्षित भाषा वाढवल्या, आणि मेमरीच्या त्रुटींचं प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. त्यासाठी त्यांनी जुना कोड पाडून पुन्हा लिहिला नाही. नवीन जे लिहायचं ते सुरक्षित भाषेत, जुनं तसंच ठेवून, एवढंच धोरण पाळलं. मला हा नव्या भाषेकडे जाण्याचा सगळ्यात समंजस रस्ता वाटतो. प्रश्न मोठा, तो मोजता येण्यासारखा, आणि बदल पुढच्या दारापासून सुरू.

विद्यार्थ्यांसाठी तर माझं उत्तर अगदी सरळ आहे: शिका. भाषा टिकेल की नाही याची चिंता करू नका, कारण चांगली कल्पना एका भाषेत राहत नाही. नेटवर्कच्या उत्तराची वाट बघताना प्रोग्रॅम अडकून पडू नये म्हणून जी असिंक-अवेट पद्धत आज सगळीकडे आहे, ती सी शार्पमध्ये २०१२ मध्ये आली, पायथनमध्ये २०१५ मध्ये, जावास्क्रिप्टच्या मानकात २०१७ मध्ये आणि रस्टमध्ये २०१९ मध्ये. पहिल्यांदा ती समजून घेणाऱ्याला पुढच्या तीन ठिकाणी फक्त लिहिण्याची ढब बदलावी लागली. रस्ट शिकलात तर मालकीचा विचार तुमच्या जावाच्या कोडातही येईल. पण आधी एका जुन्या भाषेत पाय घट्ट रोवा. डेटाबेस, नेटवर्क, चुका शोधण्याची शिस्त ही कुठल्याही भाषेपेक्षा जास्त काळ पुरणारी विद्या आहे. मुलाखतीत कुणी नव्या भाषेचं नाव काढलं म्हणून घाबरून रोज नवं पुस्तक उघडणारी मुलं मी बघतो तेव्हा मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांची मेहनत खरी असते आणि ती पसरून वाया जाते.

शिकताना नुसते धडे गिरवू नका, काहीतरी बनवा. रायबंदर-चोडण फेरीबोटीचं वेळापत्रक दाखवणारं छोटं ॲप घ्या. किंवा तालुक्यातल्या जत्रांच्या तारखा: त्या तिथीवर ठरतात, त्यामुळे चंद्र-सूर्याचं गणित करावं लागतं आणि भाषेचा कस लागतो. असं काही, जे उद्या बंद पडलं तरी कुणाचा पगार अडणार नाही. त्यात तुमची चूक झाल्यावर भाषा जे संदेश दाखवते ते वाचा. कंपायलर नुसतं 'चूक आहे' म्हणतो, की कुठं आणि का तेही सांगतो? रात्री अकरा वाजता एकटे बसलेले असताना तेच तुमच्या सोबतीला असतं.

गिऱ्हाइकाच्या कामात नवी भाषा आणायचीच असेल तर मी तिला आधी कडेची खोली देतो: रोजचा अहवाल बनवणं, एसएमएस पाठवणं, बॅकअप घेणं. खाती आणि व्याज यांना हात लावू देत नाही. डेटा पोस्टग्रेससारख्या जुन्या, खुल्या डेटाबेसमध्ये ठेवतो, नव्या प्लॅटफॉर्मच्या खास डेटाबेसमध्ये नाही. आणि करार करण्याआधी बाहेर पडून बघतो: सगळा डेटा निर्यात करायचा, रिकाम्या मशीनवर आपल्याला नीट येणाऱ्या भाषेत एक पडदा लिहायचा आणि त्याच नोंदी तिथं दिसतात का ते तपासायचं. एका दिवसात हे जमलं तर पुढं जातो. निर्यातीची सोय 'लवकरच येत आहे' असं कळलं तर गिऱ्हाइकाला थांबायला सांगतो.

वेळही आपल्या पंचांगाप्रमाणे निवडा. ऑक्टोबरनंतर हॉटेलवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून त्याच्याकडचा बदल जून ते ऑगस्टमध्ये. सोसायटीचा बदल ३१ मार्चचे हिशेब मिटून लेखापरीक्षकाच्या हाती गेल्यावर. एक पूर्ण महिना जुनं आणि नवं शेजारी-शेजारी चालवा, दोन्हीकडे नोंद करायला लागली तरी चालेल, आणि रोज संध्याकाळी कॅशियर घरी जायच्या आधी दोन्हींची रोकड आणि ठेवींची बेरीज जुळवून घ्या. एका रुपयाचाही फरक आला तर त्याचं कारण सापडेपर्यंत जुनं बंद करू नका.